तुरुंगातला देवमासा

राजधानी त्याला मागून माहीत होती. राजवाड्याच्या मागे एक लांब पिवळी भिंत आहे. तिच्यातून उपाहारगृहाचा धूर सोडणारा पाईप बाहेर येतो. त्याच्याखाली गाडी उभी केली की काचेवर तेलाचा थर बसतो, म्हणून गाडी दोन हात पुढे घ्यायची. निसर्ग संग्रहालयाच्या मागे उतार आहे. तिथे हँडब्रेकवर विसंबायचं नाही, चाकाला दगड लावायचा. जुन्या तुरुंगामागे तीन वाजेपर्यंत सावली असते. चित्रसंग्रहालयामागे सावली नाही, पण नळ आहे. सव्वीस वर्षं तो सहलीची गाडी चालवत होता. रोज सकाळी नवे प्रवासी, तीच चार ठिकाणं आणि तोच क्रम: आधी राजवाडा, मग निसर्ग संग्रहालय, मग तुरुंग, मग चित्रं. आणि या चारांपैकी एकाही इमारतीत त्याने कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

सुरुवातीला तसा नियम होता. प्रवासी आत गेले की ड्रायव्हरने गाडी सोडायची नाही. सीटवर पिशव्या असतात, औषधं असतात, शाली असतात. तो नोकरीला लागला त्याच महिन्यात दुसऱ्या एका ड्रायव्हरला वाटलं, एकदा आत डोकावून यावं. तो डोकावून येईपर्यंत कोणाची तरी दुर्बीण गेली आणि दुसऱ्या दिवशी तो ड्रायव्हरही गेला. पुढे पाच-सहा वर्षांनी नियम ढिला झाला. तोवर याची सवय घट्ट झाली होती. आणि सवयीहून अवघड एक गोष्ट झाली होती: तो घरी सांगायला लागला होता.

घर राजधानीपासून दीड तासावरच्या गावात. बायको तिथल्या शिवणसंस्थेत कामाला. बावीस बायका मिळून दवाखान्यांचे कपडे शिवतात. रुग्णांचे झगे, डॉक्टरांचे कोट. हिच्याकडे बटणांचे काज घालायचं काम. उरलेले कोट ती घरी आणायची, आणि तो जेवत असताना दिव्याखाली बसून काज घालत विचारायची, "आज काय?"

आता या प्रश्नाला "आज पाईपाच्या दोन हात पुढे गाडी लावली" असं उत्तर कोण देईल? ती कधी राजधानीला गेली नव्हती. तिच्या दृष्टीने नवरा रोज राजवाड्यात कामाला जात होता. त्याने एक दिवस, गाडीत परत चढणाऱ्या लोकांच्या तोंडून जे ऐकलं होतं ते सांगितलं. तिने सुई थांबवली. सुई थांबवून ऐकणारं माणूस ज्याला मिळालं त्याने दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने घरी जावं कसं?

मग तो ऐकायला लागला. लोक एकेका ठिकाणाहून परत येऊन गाडीत चढत, सीटवर टेकत, आणि तो आरशातून बघत कान उघडे ठेवी. गाडीत वाटाड्या नसायचा. प्रत्येक ठिकाणचा गाईड वेगळा, तो दारातच भेटायचा आणि दारातच सोडायचा. त्यामुळे त्याच्यापर्यंत पोचायचं ते फक्त लोकांचं बोलणं, तेही तुटक. तो ते रात्रीपर्यंत जोडून ठेवायचा. जिथे जोड बसत नसे तिथे आपल्या पदरचा धागा वापरायचा.

असं करत करत त्याने एक राजधानी उभी केली. तिच्यातल्या राजवाड्यात काही नव्हतं. नुसत्या भिंती. राजे गेले, जाताना सगळं घेऊन गेले. निसर्ग संग्रहालयात मात्र जनावरांच्या सांगाड्यांमध्ये राजाचा पलंग होता, लहान मुलाच्या खाटेएवढा. राजाही शेवटी एक जनावरच म्हणून शास्त्रज्ञांनी तो तिथे ठेवला होता. चित्रसंग्रहालयात एक खोली होती, तिच्यात माणसाला ताठ उभं राहता येत नाही, आणि तिथून बाहेर येणारा प्रत्येक जण डोळे पुसतो. आणि तुरुंगात देवमासा होता. अख्खा, छताला टांगलेला. हे जोडायला त्याला आठवडा लागला. पण एकदा जोडलं ते असं, की देवमाशाने राजाचं जहाज उलटवलं होतं, म्हणून राजाने त्याला पकडून जन्मठेप दिली. मेल्यावरही सुटका नाही. हाडं अजून आत.

हे सगळं थोडं विचित्र आहे असं त्याला कधी वाटलं नाही असं नाही. पण राजधानीच ती. तिथे विचित्र नसेल तर कुठे असेल? शिवाय पार्किंगमधले बाकीचे ड्रायव्हर आत काय आहे ते त्यालाच विचारत आणि त्याला 'प्रोफेसर' म्हणत. प्रोफेसर कोणाला विचारणार?

बायको ते सगळं दुसऱ्या दिवशी संस्थेत नेत असे. तिथे बावीस मशीनं एकदम चालतात, तरी तिचा आवाज पोचायचा. देवमाशाची जन्मठेप तिने पहिल्यांदा सांगितली तेव्हा सगळ्यात म्हाताऱ्या मावशींनी मशीन थांबवून डोळ्यांना पदर लावला होता. बायकांना हा देवमासा स्वतःच्या नातेवाइकासारखा झाला होता. एकटी अध्यक्षबाई तेवढी ओठ मुडपून ऐकायची. अध्यक्षबाई कटिंगच्या टेबलावर असते; कापड जसं तिच्या हातून जातं तसं संस्थेतलं बोलणंही आपल्या कात्रीतून जावं असं तिला वाटतं. वीस वर्षं काजवालीचं बोलणं न कापता पुढे गेलं होतं, कारण कापायला माप हवं आणि राजधानी अध्यक्षबाईनेही पाहिली नव्हती.

शेवटी संस्थेची सहल ठरली. गाडी याचीच ठरली. सकाळी सगळ्या बायका चढल्या, डबे वर ठेवले गेले, खिडक्यांवरून एक छोटं भांडण झालं आणि मिटलं. तो चावी फिरवणार इतक्यात बायको त्याच्या केबिनशी आली.

"अहो, एक सांगायचं राहिलं."

"पाण्याची बाटली विसरलीस."

"बाटली आहे. फॉर्मवर मी गाईड नको म्हणून लिहिलंय."

त्याने चावीवरचा हात काढला. "का?"

"का म्हणजे? घरात विहीर असताना पाणी कोणी विकत आणतं का? तुम्ही आहात की."

"मला गाडी सोडता येत नाही. नियम आहे."

"मॅनेजरना फोन केला होता मी. ते हसले. म्हणाले, खुशाल जाऊ दे आत, सव्वीस वर्षांत त्यांनी कधी विचारलंच नाही."

मागून अध्यक्षबाईचा आवाज आला, "भाऊजी, आज आम्ही तुमच्या तोंडून ऐकणार हो! हिच्या तोंडून पुष्कळ झालं."

तो दीड तास त्याने फार काळजीपूर्वक गाडी चालवली. मनातून तो पंक्चरची वाट बघत होता. त्याला दिसत होतं की आपण आज तोंडघशी पडणार, आणि एकटे पडणार नाही. त्या पलंगावर, त्या देवमाशावर बायकोने वीस वर्षं आपला शब्द लावला होता. नवरा आत कधी गेलेलाच नाही हे अध्यक्षबाईसमोर उघडं पडलं तर उद्यापासून तिने तिथे तोंड कसं उघडायचं? पण चाकांना माणसाचं दुःख कळत नाही. ती गोल फिरत राहिली आणि राजवाडा आला.

पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचा ड्रायव्हर, ज्याला सगळे पैलवान म्हणतात, टायरवर लाथ मारून हवा बघत होता.

"माझ्या गाडीकडे बघशील का?" याने विचारलं. "आत जायचंय."

पैलवान लगेच सरळ झाला. "जा ना प्रोफेसर. तुला काय नवीन आहे?"

पहिली चूक दारातच झाली. सव्वीस वर्षं त्याने लोक ज्या दारातून येताना पाहिले होते त्या दाराकडे तो बावीस बायकांना घेऊन ताठ मानेने चालत गेला. पहारेकऱ्याने हात आडवा केला.

"अहो, इथून बाहेर येतात."

"माहीत आहे," तो म्हणाला. "यांना दाखवत होतो. बाहेर कुठून यायचं ते आधी कळलेलं बरं."

बायकांना हे पटलं. मावशी म्हणाल्या, "म्हणजे चुकामूक व्हायची नाही." इमारतीला मोठा वळसा घालून ते पुढच्या दाराशी आले. राजवाड्याला पुढची बाजू आहे हे त्याने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पांढरे खांब, रुंद पायऱ्या. त्याला उगीच फसवल्यासारखं वाटलं.

"इथे काही नाही," तो पायरीवर थांबून म्हणाला. "नुसत्या भिंती. पंधरा मिनिटांत उरकू."

पहिल्या दालनाच्या छताला सोनं होतं. दुसऱ्या दालनात चारी बाजूंनी आरसे होते; बावीस बायकांच्या दोन-चारशे झाल्या आणि मावशी घाबरून म्हणाल्या, "अगं बाई, एवढ्यांना डबे कुठून पुरणार?" तिसऱ्या दालनात दोरी बांधलेली होती, आणि दोरीपलीकडे राजाचा पलंग. जांभळे पडदे, चार नक्षीचे खांब, आणि लांबीला लहान मुलाच्या खाटेएवढा. पाटीवर लिहिलं होतं की ते राजे उशांना टेकून बसूनच झोपत. आडवं होणं त्यांना मेल्यासारखं वाटे.

अध्यक्षबाईने पलंगाकडे पाहिलं आणि मग सावकाश मागे वळून काजवालीकडे.

"अगं, हा तर जनावरांत होता ना?"

पलंग बघणाऱ्या बायकाही काजवालीकडे वळल्या.

"तूच सांगायचीस. सांगाड्यांत पलंग. राजाही जनावरच म्हणून. मला आवडायचं हो ते, एवढं एकच आवडायचं."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात संशय नव्हता. दुकानदाराकडे गिऱ्हाईक बघतं तसं होतं ते, की आता हा आतून बरोबर माल काढून देईल. तो म्हणाला, "हलवला असेल," आणि पुढच्या दालनात गेला.

पलंग हलवलेला नव्हता. हललं होतं दुसरंच काही. ते त्याला गाडीत येऊन बसल्यावर कळलं. बायका चढत होत्या, तो सवयीने आरशात बघत ऐकत होता. सोन्याबद्दल एक शब्द नाही. आरशांबद्दल नाही. "माझा डबा कुठला?" "पाय बघ कसे सुजलेत." "बाथरूम किती स्वच्छ होतं गं, आत फूल ठेवलं होतं." आणि त्याला एकदम आठवलं की सव्वीस वर्षं, राजवाड्यातून येणारा प्रत्येक जण हेच बोलला होता. पाय, डबा, बाथरूम. त्यावरूनच तर त्याने ठरवलं होतं की राजवाड्यात काही नाही. पलंगाचं बोलणं निघायचं ते निसर्ग संग्रहालय बघून परत गाडीत बसल्यावर. जेवण अंगी लागायला जसा वेळ लागतो तसं पाहिलेलं जिभेवर यायला माणसाला एक मुक्काम लागतो. लोक जनावरं बघून येत आणि पलंगाबद्दल बोलत. तुरुंग बघून येत आणि देवमाशाबद्दल. त्याने ऐकलेलं एकही अक्षर खोटं नव्हतं. फक्त ते सगळं एका मुक्कामाने पुढे सरकलेलं होतं.

हे कळल्यावर आधी त्याला लाज वाटायला हवी होती. वाटला तो आनंद. गाडी बाहेर काढताना तो मनात एकेक गोष्ट एक मुक्काम मागे सरकवत होता. सगळं चपखल बसत होतं. म्हणजे आपल्याला सगळं माहीत आहे! आत न जाता!

निसर्ग संग्रहालयाच्या दारात, बरोबर दारात, तो बायकांना म्हणाला, "आत गेल्यावर लगेच मान वर करू नका. आधी जिन्यापर्यंत चला, मग वर बघा. देवमासा आहे."

त्या जिन्यापर्यंत गेल्या आणि त्यांनी वर पाहिलं. देवमासा होता. छत संपत आलं तरी तो संपत नव्हता. बायकांच्या तोंडून एकदम एक लांब आवाज निघाला आणि मग चक्क टाळ्या पडल्या, देवमाशाला की त्याला ते कळलं नाही. त्याची कळी खुलली. "इथे सगळे जण फासळ्या मोजतात," तो सांगू लागला. "दोघांची मोजणी कधी जुळत नाही. इथे, या कठड्याशी, म्हातारी माणसं हमखास म्हणतात की आपण केवढेसे. आणि मुलं विचारतात की याला कोणी खाल्लं." कुठल्याही गाईडने हे सांगितलं नसतं. मावशींनी लगेच मोजायला घेतलं. बायका हसत होत्या, मान दुखेपर्यंत वर बघत होत्या.

तेवढ्यात अध्यक्षबाई म्हणाली, "काय गं, तुरुंगात देवमासा!"

बायको वर देवमाशाकडेच बघत राहिली.

"वीस वर्षं हिने आपल्याला तुरुंगात देवमासा सांगितला! जन्मठेप काय, जहाज काय! मावशी तर रडल्या होत्या. आणि हा इथे, सगळ्या जनावरांत, शहाण्यासारखा लटकतोय." आता सगळ्यांना हसू फुटलं. अध्यक्षबाईला वीस वर्षांनी माप सापडलं होतं. तिने कात्री आत घातली. "भाऊजी बिचारे नीट सांगत असणार. हिचं लक्ष कुठे? काज घालता घालता डोक्यालाही भोकं पडली हो!"

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. एवढा वेळ मिळाला होता त्याला की वाक्य सहज बोलून झालं असतं. 'तिने सांगितलं ते मीच सांगितलेलं.' फार मोठं वाक्य नाही. पण नुकत्याच टाळ्या ऐकलेल्या माणसाचा कान भलत्याच ठिकाणी असतो. त्याने हात वर केला आणि म्हणाला, "आणि हे बघा, शेपटीचं हाड. हे बघायचं लोक विसरतात."

सगळ्यांनी शेपटीकडे पाहिलं. एक जण सोडून.

गाडीत परतल्यावर बायका पलंगाबद्दल बोलल्या, आरशांबद्दल बोलल्या. त्याच्या हिशेबाप्रमाणेच बोलल्या. त्याला त्याचं काही वाटलं नाही. तो आरशात एकच सीट बघत होता. ती खिडकीबाहेर बघत होती, आणि खिडकीबाहेर नुसती संग्रहालयाची मागची भिंत होती.

तुरुंगाच्या अंगणात तरण्या बायकांनी तिला गाठलं.

"काकी, देवमासा कितव्या कोठडीत?"

"सुटला," ती म्हणाली.

त्या पोट धरून हसल्या. तिचा चेहरा मात्र हलला नाही. त्याने ते ऐकलं आणि त्याला वाटलं, आपण इतकी वर्षं इतकं काय काय घरी नेलं, त्यात या एका शब्दाच्या तोडीचं काही नव्हतं.

तुरुंगातल्या सगळ्यात आतल्या बाजूला ती खोली होती, जी त्याने चित्रसंग्रहालयात ठेवली होती. छत कमरेच्या थोडं वर. कैद्याला ताठ उभं राहता येऊ नये म्हणून मुद्दाम बांधलेली. बायका बाहेरच थांबल्या, काहींनी डोळे पुसले. तो वाकून आत गेला. का गेला ते सांगता येत नाही. बहुतेक त्याला त्यांच्या समोरून दूर व्हायचं होतं, आणि तेवढीच जागा होती. पण आत गेल्यावर वळावं लागलं, आणि वळल्यावर सगळ्या समोरच होत्या.

"मी आज पहिल्यांदा आत आलोय," तो म्हणाला. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान वाकडी.

"कुठे, या खोलीत?" अध्यक्षबाईने विचारलं.

"सगळीकडे. राजवाड्यात, तिकडे, इथे. सव्वीस वर्षं मी गाडीत बसलो. लोक बोलायचे ते ऐकून हिला सांगायचो. हिने तुम्हाला सांगितलं ते माझंच. अक्षर न् अक्षर. देवमासा तुरुंगात मी घातला."

मग मावशींनी मोठा उसासा सोडला.

"काय सोन्यासारखा नवरा मिळालाय गं तुला!"

"नाही, मावशी, खरंच..."

"बायकोला हसले तर सगळं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतोय बघा. तेही असा वाकून!"

"अहो, दार आठवा! बाहेर पडायच्या दारातून मी तुम्हाला आत नेत होतो!"

"ती गंमत होती भाऊजी, कळलं आम्हाला तेव्हाच," एक जण म्हणाली. "आत न येताच सांगितलंत का मग, जिन्यापर्यंत जा आणि वर बघा म्हणून?"

याला उत्तर होतं, पण ते सांगायला एक मुक्काम पुढे-मागे असं सगळं समजावावं लागलं असतं, आणि वाकलेल्या माणसाला लांब वाक्यं बोलता येत नाहीत. त्याने दोनदा सुरुवात केली. तो जितकं नाकारत गेला तितका बायकांच्या नजरेत चढत गेला. खरं बोलून एवढा मान त्याला आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

अध्यक्षबाई मात्र हुशार. ती थेट काजवालीकडे वळली. "तू सांग गं. हे खरंच कधी आत गेले नव्हते?"

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. तोही बघत होता, खालून वर. एक 'हो' म्हटलं की तिची वीस वर्षं तिला परत मिळत होती. ती खोटी नाही, वेंधळी नाही, झोपाळू नाही. जे ऐकलं ते टाका न चुकवता पुढे दिलं. तिला सगळं उमगलं होतं हे त्याला तिच्या कपाळावरून कळत होतं. सुईत दोरा ओवताना ते असंच होतं.

"माझीच गल्लत झाली," ती म्हणाली. "शिवताना ऐकते मी. लक्ष कुठे असतं?"

"मी म्हटलं नव्हतं?" अध्यक्षबाई म्हणाली, आणि विषय संपला.

चित्रसंग्रहालयाशी पोचल्यावर बायका उतरल्या. "भाऊजी, चला!" त्याने सांगितलं की गाडी सोडता येत नाही. या वेळी कोणी हुज्जत घातली नाही. पैलवानाची गाडीही अजून आली नव्हती. बायका गेल्या. ती उतरली नाही. त्याच्या मागच्या सीटवर बसून तिने पिशवीतून डॉक्टरचा एक कोट काढला. सहलीलाही काम आणलं होतं; सोमवारी द्यायचे होते.

ऊन काचेवर आलं. त्याने काच पुसली. पुसलेली काच पुन्हा पुसली.

"राग आलाय?"

"कशाचा?"

"मी आत गेलो नव्हतो त्याचा."

"नाही." सुई कापडातून गेली आणि आली. "तुम्ही शेपटी दाखवलीत त्याचा."

त्याने हातातल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाला, "मग तिथे सांगायचं होतंस ना खरं. ती विचारत होती."

"सांगितलं असतं तर उद्यापासून मी खोटारड्या माणसाची बायको. आता नुसती वेंधळी. वेंधळीने घातलेले काज कोणी परत पाठवत नाही."

"मी सांगितलं होतं त्यांना."

"सांगितलंत. एक इमारत उशिरा."

बाहेर नळ गळत होता. बऱ्याच वेळाने ती खाली बघतच म्हणाली, "एकदाही वाटलं नाही, आत जाऊन बघावं?"

"वाटलं होतं. पाच-सहा वर्षांनी. पण तोवर तुला सगळं सांगून झालं होतं." त्याने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, गाडी बंद असताना. "आत गेलो आणि ते तसं नसलं तर मग तुला काय सांगायचं?"

सुई क्षणभर थांबली. मग पुन्हा चालू झाली, पण जरा सावकाश.

"इथलं काय आहे आत?" तिने चित्रसंग्रहालयाच्या मागच्या भिंतीकडे हनुवटीने दाखवलं.

"काय माहीत. यानंतर मुक्कामच नाही. लोक गाडीत झोपतात."

"बरं झालं. एक तरी घर रिकामं राहिलं." तिने काज संपवला, उलटा करून पाहिला, दुसरा धरला. "देवमासा नीट बघितलात का?"

"बघितला की. मीच तर दाखवला."

"डावीकडची तिसरी फासळी?"

"काय तिचं?"

"लाकडाची आहे. रंग दिलाय हाडासारखा. खिळ्यांची डोकी दिसतात."

तो आठवू लागला. त्याला आठवले बायकांचे वर केलेले चेहरे, उघडी तोंडं, अध्यक्षबाईचं हसू. फासळी एकही आठवेना.

"आणि त्या पलंगाचे पडदे," ती म्हणाली. "काठाला मशीनची टीप आहे. त्या राजाच्या काळात मशीन कुठलं? आपल्यासारख्याच कोणीतरी शिवलेत, फार तर तीस वर्षांपूर्वी. एका कोपऱ्यात टीप सुटलीय, घाईत शिवलेत."

"असेल," तो म्हणाला. तो मागे वळून बसला होता. आरशातून बघायचं त्याला सुचलं नव्हतं.

"आणि आरशांच्या खोलीत अगदी कडेला, खिडकीशी एक आरसा आहे. त्याच्यासमोर मी उभी राहिले. मागची भिंत दिसली, मावशी दिसल्या, तुम्ही दिसलात. मीच दिसले नाही."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिथे काहीच कळत नव्हतं.

"खरं?"

तिने दोरा दातांनी तोडला.

"तुम्ही तर तिथेच होतात."